सकाळचा मेल आणि आमचे खासदार: ‘दे वर्क फॉर यू’ वापरून झालेली साडेपाच वर्षं

सकाळी साऊथएंडमधल्या वेस्टक्लिफहून लंडनची गाडी पकडली, की बसायला जागा मिळो न मिळो, मी पहिला मेल उघडते तो ‘दे वर्क फॉर यू’चा. ब्रिटनच्या संसदेत कोण काय बोललं ते कळवणारी ही फुकट सेवा आहे. एखाद्या खासदाराचं नाव देऊन ठेवलं की ते सभागृहात बोलल्यावर मेल येतो. एखादा शब्द देऊन ठेवला की तो कुणीही उच्चारला तरी येतो. बस, एवढंच. पण या एवढ्याशा गोष्टीनं मला या देशात मतदार केलं, असं मी मनापासून म्हणते. यूकेत राहणाऱ्या ओळखीच्या मराठी माणसांना मी हे तुकड्यातुकड्यांनी सांगत आले आहे, आज एकदा सविस्तर लिहिते.

आधी एक गोष्ट, कारण ती बऱ्याच जणांना ठाऊकच नसते. तुमच्याकडे भारतीय पासपोर्ट असला आणि इथे राहण्याचा रीतसर व्हिसा असला, तर कॉमनवेल्थचे नागरिक म्हणून तुम्ही इथल्या संसदेच्या निवडणुकीत मत देऊ शकता. ब्रिटिश नागरिकत्वासाठी थांबावं लागत नाही, फक्त मतदार यादीत नाव घालावं लागतं. मला हे इथे आल्यावर तीन वर्षांनी कळलं. तीन वर्षं मी ‘आपल्याला काय त्याचं’ म्हणत बसले होते. म्हणजे खासदार तुमचेही आहेत. मग ते तुमच्यासाठी काय बोलतात हे बघायला नको?

मी या सेवेकडे आले ती दुखण्यामुळे. सात वर्षं पाळीच्या चार दिवसांत मी ऑफिसच्या बाथरूममध्ये भिंतीला डोकं टेकून उभी राहायची. डॉक्टरांकडे गेलं की पॅरासिटामॉल, गरम पाण्याची पिशवी आणि ‘काही बायकांना जास्त होतं’ हे वाक्य. आई कराडहून फोनवर सांगायची, ओवा खा, मूल झालं की थांबेल. २०१९च्या शेवटी एकदाची दुर्बिणीची शस्त्रक्रिया झाली आणि कागदावर नाव आलं, एंडोमेट्रिओसिस. गर्भाशयाच्या अस्तरासारखी पेशी गर्भाशयाच्या बाहेर वाढते आणि दर महिन्याला तिथे सूज, रक्त, चिकटून बसणं असं होत राहतं. यूकेत दहातल्या एका बाईला असतं. दहातली एक! आणि मला सात वर्षं कुणी हा शब्द सांगितला नव्हता.

शस्त्रक्रियेनंतर घरी पडून होते तेव्हा तो शब्द आणि ‘साऊथएंड’ असं एकत्र टाकून शोधत होते. इथे कुणी डॉक्टर आहे का, बायकांचा काही गट आहे का, एवढंच बघायचं होतं. त्यात ‘दे वर्क फॉर यू’चं पान आलं. पानावर आमच्या साऊथएंड वेस्ट मतदारसंघाचे खासदार सर डेव्हिड एमेस यांचं बोलणं होतं. साठी उलटलेला, कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचा, कॅथलिक माणूस हाऊस ऑफ कॉमन्समध्ये उभा राहून बायकांच्या या आजाराबद्दल बोलत होता. मतदारसंघातली एक तरुण मुलगी त्यांना भेटायला आली होती, तिनं तिची कहाणी सांगितली आणि त्यांनी हा विषय हातात घेतला. पुढे ते या आजारावरच्या सर्वपक्षीय खासदार गटाचे अध्यक्ष होते. मी ते पान दोनदा वाचलं आणि रडले. माझ्या घरापासून बसनं दहा मिनिटांवर ज्याचं ऑफिस आहे तो माणूस माझ्या दुखण्याचं नाव घेत होता आणि मला पत्ताच नव्हता.

त्याच दिवशी मेल लावला. पद्धत सोपी आहे. साइटवर पोस्टकोड टाकला की तुमचे खासदार कोण ते येतं. नावावर क्लिक केलं की त्यांचं पान उघडतं: अलीकडे कुठे कुठे बोलले, कशावर कसं मत दिलं, कुठून पैसे किंवा भेटी घेतल्याची नोंद आहे. ईमेल पत्ता द्यायचा, त्यांचा एक मेल येतो, त्यातल्या लिंकवर क्लिक करायचं. झालं. मी तीन लावले. एक एमेस यांचा, एक ‘एंडोमेट्रिओसिस’ या शब्दाचा आणि एक ‘साऊथएंड’चा.

ही साइट काही स्वयंसेवकांनी २००४ मध्ये सुरू केली, आता ‘मायसोसायटी’ नावाची सेवाभावी संस्था चालवते. मजकूर त्यांचा स्वतःचा नाही, तो ‘हॅन्सार्ड’चा, म्हणजे संसदेच्या अधिकृत अहवालाचा. १८१२ मध्ये टॉमस हॅन्सार्ड या छापखानेवाल्यानं हे काम विल्यम कॉबेटकडून घेतलं आणि त्याचंच नाव आजतागायत चिकटलं. १९०९ पासून संसदेचे स्वतःचे वार्ताहर शब्द न् शब्द टिपतात. पुनरुक्ती आणि उघड चुका तेवढ्या काढतात, अर्थाला लागणारं काहीही गाळत नाहीत. ‘दे वर्क फॉर यू’ त्या अहवालाची नीट घडी घालून देते. माणसाप्रमाणे शोधा, शब्दाप्रमाणे शोधा, १९१८ पर्यंत मागे जा. प्रत्येक भाषणाला स्वतःची लिंक असते, त्यामुळे ‘हे बघ, नेमकं इथे म्हणाले’ असं एखाद्याला पाठवता येतं. हॅन्सार्डची स्वतःची साइटही आहे, चांगली आहे, पण दोन-चार महिन्यांतून एकदा फोनवर वाचणाऱ्या माणसाला तिच्यात वाट सापडायला वेळ लागतो.

मेल यायला लागले तसं मला एमेस यांचं बोलणं ओळखू यायला लागलं. ते कधीच मंत्री झाले नाहीत. १९८३ मध्ये बॅसिल्डनमधून निवडून आले, १९९७ पासून साऊथएंड वेस्ट. सगळी ३८ वर्षं मागच्या बाकावरची. इंग्रजीत याला बॅकबेंचर म्हणतात आणि ऐकणाऱ्याला वाटतं, मागे बसून झोपणारा. मागच्या बाकावरच्या माणसाकडे सरकारी गाडी नसते, खातं नसतं, फक्त उभं राहून बोलायची पाळी मिळवायची असते. एमेस ती मिळवायचे.

दर गुरुवारी पुढच्या आठवड्याच्या कामकाजावर प्रश्न होतात. सभागृहाच्या नेत्यांना एखाद्या विषयावर चर्चेला वेळ द्या म्हणून विनंती करायची ती जागा. एमेस यांचं नाव तिथून यायचं. हे मी अण्णांना फोनवर सांगितलं. अण्णा एसटीच्या डेपोत हिशेबनीस होते, नागपूरच्या अधिवेशनाच्या बातम्या पेपरात रेघा मारून वाचायचे.

“म्हंजे आपल्याकडं लक्षवेधी लावतात तसलं,” ते म्हणाले.

“साधारण तसलंच, अण्णा. आणि दिवसाच्या शेवटी अर्ध्या तासाची चर्चा पण असते.”

“ती आपल्याकडं बी हाय. आणि गडी मंत्री कधीच नाही?”

“कधीच नाही. अडतीस वर्षं.”

अण्णा जरा गप्प बसले. मग म्हणाले, “मग तो कामाचा गडी असणार.”

सगळ्यात वाचण्यासारखी असायची ती संसदेच्या सुट्टीआधीची चर्चा. या चर्चेत खासदारानं कुठलाही विषय मांडला तरी चालतो. वेळ मात्र मोजून मिनिटांचा. बाकीचे एक-दोन विषय घेऊन बोलायचे. एमेस एका भाषणात वीस-पंचवीस विषय बसवायचे. एका परिच्छेदात हॉस्पिटल, पुढच्यात रेल्वेचं वेळापत्रक, मग प्राण्यांवरचे अत्याचार, एखाद्या मतदाराची अडकलेली फाइल, एखाद्या शाळेचं कौतुक, मग पुन्हा आमचा समुद्रातला धक्का, जो दोन किलोमीटरांहून लांब आहे आणि जगातला सर्वांत लांब करमणुकीचा धक्का म्हणून ओळखला जातो. कागदावर वाचताना वेग दिसत नाही. पहिल्यांदा संसदेच्या साइटवर व्हिडिओ लावला तेव्हा कळलं, माणूस श्वासही घेत नव्हता. बाजारातून येताना आई दोन्ही हातांत पिशव्या घेऊन, जिना चढता चढता घरातल्या सगळ्यांना कामं सांगायची, अगदी तशी ती भाषणं होती.

आणि जवळजवळ प्रत्येक वेळी साऊथएंडला शहराचा दर्जा द्या ही मागणी. इथे ‘सिटी’ हा दर्जा लोकसंख्या वाढली म्हणून मिळत नाही, तो राजाकडून किंवा राणीकडून मिळावा लागतो. माझ्या ‘साऊथएंड’ शब्दाच्या मेलमध्ये ही मागणी इतक्या वेळा आली, की तो मेल न उघडताच मला आत काय आहे ते कळायचं. खरं सांगते, सुरुवातीला मला ते हट्टी वाटलं. शहर म्हटल्यानं आमच्या रस्त्यातले खड्डे बुजणार होते का? पण वाचता वाचता लक्षात आलं, की हा माणूस कुठल्याही विषयात आपलं गाव घुसवतो आणि म्हणून कुठलाही मंत्री आमचं गाव विसरू शकत नाही. मागच्या बाकावरच्या माणसाचं हत्यार तेवढंच, पुन्हा पुन्हा म्हणणं.

त्या पुन्हा पुन्हा म्हणण्यातून दोन कायदे झालेले आहेत. सरकारात नसलेल्या खासदाराला स्वतःचं विधेयक पास करून घेणं फार अवघड असतं, अधिवेशनात त्यासाठी मोजके शुक्रवार मिळतात आणि वेळ संपला की विधेयक मेलं. एमेस यांनी १९८८ मध्ये घोडे, तट्टू, गाढवं क्रूरपणे बांधून ठेवण्याविरुद्धचा कायदा करून घेतला आणि २००० मध्ये थंडीत घर गरम ठेवणं परवडत नाही अशा कुटुंबांसाठी सरकारला योजना आखायला लावणारा ‘वॉर्म होम्स’ कायदा. जानेवारीत हीटरचं बिल बघून स्वेटरवर स्वेटर घालणाऱ्या घरांत मी राहिले आहे. तो कायदा कुणी आणला हे मला या साइटवर फिरताना समजलं.

ऑक्टोबर २०२०मध्ये त्यांच्या सर्वपक्षीय गटाचा एंडोमेट्रिओसिसवरचा अहवाल आला. १०,००० हून जास्त जणींनी माहिती दिली होती. निदान व्हायला सरासरी ८ वर्षं. ५८ टक्के जणी निदान होण्याआधी डॉक्टरांकडे दहापेक्षा जास्त वेळा गेल्या होत्या. म्हणजे माझी सात वर्षं सरासरीपेक्षा कमीच म्हणायची. मेलमधून मी अहवालापर्यंत पोचले, त्यातले आकडे मराठीत लिहून काढले आणि आईला पाठवले. आईनं तो मेसेज माझ्या दोन मावश्यांना पाठवला. धाकट्या मावशीचा रात्री फोन आला. ती चाळीस वर्षं तेच सोसत होती.

सगळंच मला पटायचं असं नाही आणि ही सेवा तेही लपवत नाही. मतांच्या नोंदीत २०१३ मध्ये त्यांनी समलिंगी विवाहाच्या विरुद्ध मत दिलेलं आहे. माझ्या ऑफिसातली सगळ्यात जवळची मैत्रीण तिच्या बायकोबरोबर राहते, त्यांच्या घरी मी दिवाळीचा फराळ घेऊन जाते. ती नोंद वाचून मला वाईट वाटलं आणि अजूनही वाटतं. हॅन्सार्डच्या जुन्या खंडांत तर १९९६चा त्यांचा एक प्रश्न आहे. एका टीव्ही कार्यक्रमवाल्यांनी न अस्तित्वात असलेल्या अमली पदार्थाची बतावणी करून त्यांना फसवलं होतं आणि त्यांनी त्या पदार्थाबद्दल सरकारला विचारलं. तेही कायमचं छापलेलं आहे. माणूस पूर्ण दिसतो. मला हेच हवं असतं. निवडणुकीच्या पत्रकावरचा हसरा फोटो मला काहीच सांगत नाही.

एक इशारा मात्र देते. कोण किती वेळा बोललं या आकड्यावर जाऊ नका. एका ओळीचा मध्येच केलेला प्रश्नही बोलणंच धरला जातो आणि मतदारसंघात भेटीगाठींत घालवलेला शनिवार कुठेच धरला जात नाही. साइटवाल्यांनाही हा धोका ठाऊक होता. पूर्वी ते खासदाराच्या आकड्यांबरोबर सलग तीन शब्द एकाच अक्षरानं सुरू करून तो किती वेळा बोलला, असलाही एक आकडा मुद्दाम द्यायचे, म्हणजे वाचणाऱ्यानं आकड्यांना फार डोक्यावर घेऊ नये. मतांच्या सारांशाचंही तसंच. पक्षाचा आदेश म्हणून दिलेलं मत आणि मनापासून दिलेलं मत तिथे सारखंच दिसतं. त्यासाठी भाषणच उघडून वाचायला हवं.

१५ ऑक्टोबर २०२१, शुक्रवार. एमेस आमच्या शेजारच्या ली या भागातल्या बेलफेअर्स मेथडिस्ट चर्चमध्ये मतदारांना भेटायला बसले होते. इथे खासदार असा बसतो त्याला ‘सर्जरी’ म्हणतात, कुणीही यावं, गाऱ्हाणं सांगावं. तिथे त्यांना भोसकून मारलं. मला ऑफिसात कळलं. संध्याकाळी गाडीतून उतरल्यावर घरी न जाता मी त्या चर्चच्या दिशेनं चालत गेले. पोलिसांच्या फितीच्या अलीकडे फुलं ठेवलेली होती. एक आजी कुत्र्याचा पट्टा धरून उभ्या होत्या. आम्ही दोघी काही बोललो नाही.

मी त्यांना कधीच भेटले नव्हते. एकदा सर्जरीला जाऊन ‘थँक्यू’ म्हणायचं ठरवलं होतं, आज जाऊ, पुढच्या महिन्यात जाऊ, असं करता करता राहून गेलं.

सोमवारी, १८ तारखेला, सभागृहानं त्यांना श्रद्धांजली वाहिली. पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनी उभं राहून सांगितलं, की राणीनं साऊथएंडला शहराचा दर्जा द्यायला मान्यता दिली आहे. मंगळवारी सकाळी गाडीत मेल आला. त्या दिवसाचा मेल मी जपून ठेवला आहे. एमेस यांच्या नावाच्या भागात काहीच नव्हतं. ‘साऊथएंड’ शब्दाच्या भागात मात्र नोंदीमागून नोंदी, अंगठ्यानं सरकवत राहिले तरी संपेनात. सगळ्या पक्षांची माणसं. इतके दिवस त्या शब्दाखाली बहुतेक वेळा एकाच माणसाचं नाव असायचं. आता सगळे तो शब्द म्हणत होते आणि तो म्हणणारा नव्हता. गाडी चॉकवेल सोडून लीकडे निघाली होती. तिथे रूळ पाण्याला अगदी लागून जातात, डाव्या खिडकीतून थेम्सची खाडी दिसते. ओहोटी होती. मी फोन पालथा मांडीवर ठेवला आणि बाहेर बघत बसले.

१ मार्च २०२२ पासून साऊथएंड शहर आहे. रस्त्यातले खड्डे अजून आहेत. पण गावाच्या पाटीवर ‘सिटी’ हा शब्द वाचताना मला ते मेल आठवतात.

आता सेवेचं उरलेलं थोडक्यात. तिचीच भावंडं आहेत: ‘राइट टू देम’वरून खासदाराला थेट लिहिता येतं, ‘फिक्स माय स्ट्रीट’वर रस्त्यातली तक्रार नोंदवता येते. सगळं इंग्रजीत आहे. संसदेची भाषा जड असते, ‘माननीय मित्र’ आणि ‘माननीय सदस्य’ यांत कोण आपल्या पक्षाचा आणि कोण दुसऱ्या, हे समजायला मला महिना लागला. ‘मित्र’ म्हटलं की आपल्या पक्षाचा, हे धरून ठेवा. मेल लावताना शब्द नेमका द्या. मी एकदा नुसतं ‘इंडिया’ लावलं होतं, दोन दिवसांत काढून टाकावं लागलं, इतके मेल. स्वतःच्या गावाचं, आजाराचं, व्हिसाच्या प्रकाराचं नाव द्या. मुलांच्या शाळेचा काही प्रश्न असेल तर तो शब्द द्या. पैसे लागत नाहीत, देणगी देता येते, मी वर्षातून एकदा गणपतीच्या महिन्यात देते.

मतदारसंघाचं नाव २०२४ मध्ये साऊथएंड वेस्ट अँड ली झालं आणि जागा लेबर पक्षाकडे गेली. नव्या खासदारांचाही मेल मी लावला आहे आणि तो वाचते. एमेस यांच्या नावाचा मी काढलेला नाही. यादीत तो तसाच आहे, गप्प.

उन्हाळी सुट्टीआधीच्या ज्या चर्चेत ते वीस-पंचवीस विषय बसवायचे, तिला आता त्यांचं नाव दिलं आहे. त्यामुळे जुलैच्या शेवटी, संसद सुट्टीवर जाण्याआधी, मेलमध्ये मथळा येतो तोच मुळी ‘सर डेव्हिड एमेस उन्हाळी तहकुबी चर्चा’ असा. त्याखाली देशभरातल्या मागच्या बाकांवरच्या खासदारांची गाऱ्हाणी, कुणाच्या गावचा दवाखाना, कुणाच्या गावची बस. मी लंडनचं फेनचर्च स्ट्रीट स्टेशन येईपर्यंत एकेक वाचते.